वेशीच्या कुलपात कोरलेली किल्ली

मंडळी, त्र्यंबकेश्वरी बसून इतिहास सांगायचा तर सिंहस्थापासूनच सुरुवात करायला हवी. २०१५ च्या सप्टेंबरात इथली शाही स्नानं आटोपली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ डिसेंबरला, ज्युनिपर या अमेरिकन कंपनीनं एक गोष्ट कबूल केली: आमच्या नेटस्क्रीन फायरवॉलच्या प्रणालीत कुणीतरी परकी आज्ञावली घुसवली आहे.

आता फायरवॉल म्हणजे काय? तर जाळ्याच्या वेशीवरचा पहारेकरी. या पहारेकऱ्याला एक गुप्त शब्द शिकवून ठेवला होता. तो सांगणारा कुणीही असो, त्याला थेट कारभाऱ्याचे अधिकार! आणि हा शब्द आज्ञावलीच्या एखाद्या साध्या ओळीसारखा दिसे, म्हणून तपासणाऱ्याची नजर त्यावरून घसरून जाई.

इथं एक भेद ध्यानात घ्या. कारखान्यातून येणारा नेहमीचा पासवर्ड आपण बदलू शकतो. बदलत नाही, तो आपला आळस. २०१६ मध्ये मिराई या व्हायरसनं याच आळसावर असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. पण आज्ञावलीतच कोरलेला पासवर्ड मालकाला बदलता येत नाही. बहुधा तो आहे हेही त्याला ठाऊक नसतं.

बरं, दर वेळी शत्रूच लागतो असंही नाही. २०२० च्या अखेरीस झायक्सेलच्या फायरवॉलमध्ये असंच एक छुपं खातं सापडलं. ते कंपनीनंच ठेवलेलं होतं, अद्ययावत आज्ञावली आपोआप पोचवण्याच्या सोयीसाठी. धोक्यात आली एक लाखाहून जास्त उपकरणं.

आणि खरी मेख पुढंच आहे. ज्युनिपरनं दुरुस्ती दिली, तेव्हा संशोधकांनी जुनी आणि नवी आवृत्ती ताडून पाहिली आणि काही दिवसांतच तो शब्द जगजाहीर झाला. म्हणजे औषध बाजारात आलं की रोगही उघडा पडतो. ज्यानं दुरुस्ती बसवली तो वाचला. ज्यानं 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हटलं, त्याची वेस सताड उघडी.

२००३ च्या सिंहस्थात नाशकात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. आज गर्दीवरची नजर कॅमेऱ्यांची, आणि कॅमेऱ्यांची वाट अशाच वेशींतून जाते. पुढचा सिंहस्थ दारात आहे. म्हणून उपकरण घेताना किंमतीबरोबर दोन प्रश्न विचारा: याच्या आत कुणाकुणाची खाती आहेत? आणि दुरुस्ती आली, तर ती त्याच दिवशी बसवणार कोण?