मळ्यातलं घर आणि पुढे न ओढलेली बाकी



आमच्या मळ्यातल्या घराचं वय विचारलं की घरातलं लहान पोरही सांगायचं, १८६५. पुरावा छपरावर. एक कौल काढून उलटं करायचं, की मागे इंग्रजी अक्षरांत बेसल मिशन, मंगळूर आणि खाली १८६५. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मलाही असंच दाखवलं होतं आणि पुढे चाळीस वर्षं मी आल्यागेल्याला तेच सांगत आले.

खरं तर ते साल घराचं नाही, कारखान्याचं. परदेशी मिशनऱ्यांनी मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या कौलांवर तेच साल उमटत राहिलं. पहिल्या महायुद्धानंतर कारखाना त्यांच्या हातून गेला, नावही कॉमनवेल्थ झालं. आमच्या कौलांवर जुनं नाव आहे, म्हणजे ती त्याआधीची. आणि इतका जड, फुटका माल आमच्या शिरोळ तालुक्यात बैलगाडीने कोण आणत बसणार? मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. हे छप्पर त्यानंतरचंच असावं, असं माझं मत. घराचं वय मी असं एका दुपारीत कमी केलं, त्याबद्दल घरात बोलणीही खाल्ली.

हे सगळं शोधायची वेळ आली २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरामुळे. चार दिवस पाणी खिडकीपर्यंत होतं. पाणी ओसरलं तसा गिलावा पोपडे धरून पडला आणि भिंती उघड्या झाल्या. इंजिनिअर म्हणाले, पुढच्या भेंड्यांच्या भिंती दगावल्यात, मागच्या दोन खोल्या ठणठणीत आहेत. मुलांचं म्हणणं, सगळंच पाडून स्लॅबचं बांधू. वकिलांनी सांगितलं, आधी कुणाचा हिस्सा किती ते कागदावर आणा. घरात बी.कॉम. मी एकटीच, म्हणून जुन्या वह्यांची पेटी माझ्यापुढे आली.

आधी भिंती पाहिल्या. सर्वांत जुना भाग म्हणजे सोपा आणि माजघराचे तीन खण. दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीचे भेंडे. सोप्यातली एक तुळई काजळीनं काळीकुट्ट आहे. आज जिथे आपण सोफ्यावर बसून चहा पितो, तिथे कधीकाळी चूल पेटत होती. देवघराच्या भिंतीत तर भोक पाडलेला एक दगड निघाला, दावं बांधायचा. म्हणजे मूळ घर तीन खणांचं, एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला गाई. आपलं देवघर मुळात गोठा होता हे ऐकून आत्ती माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. पुढची पडवी नंतरची, छपराचा उतार तिथे मोडतो त्यावरून ते कुणालाही कळेल.

मागच्या दोन खोल्यांनी मात्र मला अडवून धरलं. घरात सर्वांचं एकच सांगणं, ‘त्या आजोबांनी बांधल्या आणि काकींना राहायला एक खोली दिली.’ काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत सासूबाई. फार लवकर एकट्या पडल्या, पदरात एक मुलगी.

माजघराच्या मागच्या भिंतीला जोत्यापासून तुळईपर्यंत तडा आहे, कोयनेच्या भूकंपाचा. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ, सगळे अंगणात पळाले होते, ही गोष्ट आत्तींनी शंभरदा सांगितली आहे. मागच्या खोल्यांची भिंत त्या तड्याला येऊन नुसती टेकते. दोन्ही भिंती एकमेकींत गुंफलेल्या नाहीत, मध्ये सरळ उभा सांधा आहे. विटा भाजलेल्या, जोडणी सिमेंटची, तडा एकही नाही. म्हणजे या खोल्या भूकंपानंतरच्या.

आणि या खोल्या बाईनं आखलेल्या आहेत हे कुणाही गृहिणीला दिसेल. स्वयंपाकघराला पश्चिमेची मोठी खिडकी, दिवा न लावता सूर्यास्ताआधीचं जेवण उरकावं म्हणून. मागचं दार थेट विहिरीवर. गवंड्याच्या दृष्टीनं ते दार चुकीच्या जागी आहे, पण पाणी गाळून जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायची असेल तर दार तिथेच हवं!

मग रोजकीर्द उघडली. आमच्याकडे वही दिवाळीला बदलायची आणि वर वीर निर्वाण संवत लिहायचे. हिशेब सोपा आहे. दिवाळीच्या इसवी सनात ५२७ मिळवा. १९६७च्या दिवाळीला सुरू झालेली वही २४९४ची. तिच्यात माघापासून विटा, सिमेंट, गवंड्याची मजुरी, खिडकीचं लाकूड असं सगळं आहे, आणि आषाढाच्या आत काम संपवलेलं. चातुर्मासात माती उकरायची नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात.

पण या खर्चाच्या आधी एक ओळ आहे. काकींच्या नावे जमा, २,२०० रुपये, पाटल्या व गोठ विकून.

मैत्रिणींनो, जमा म्हणजे घराला ते देणं झालं. खतावणीत काकींचं वेगळं पान आहे. २४९५पासून २५००पर्यंत सहा दिवाळ्या ती बाकी पुढे ओढली आहे. १९७४ला, भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या त्या दिवाळीला, आमच्या घराची वाटणी झाली आणि नवी वही घातली गेली. अक्षर माझ्या सासऱ्यांचं, मोत्यासारखं. सोसायटीचं कर्ज, बैल, विहिरीतला हिस्सा, सगळं जुन्या वहीशी पैशापर्यंत जुळतं. काकींचं पान नाही. त्यांना पैसे दिल्याची नोंदही कुठे नाही.

आमचे हे म्हणाले, लिहिताना राहून गेलं असेल. मी तीन रात्री बेरजा केल्या. एवढं एकच पान राहून गेलं, असं मला पटेना.

दशलक्षणात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण दरवर्षी ऐकतो. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत न्यासापहार येतो. ठेव ठेवणारा विसरला, कमी मागू लागला, आणि आपण गप्प बसलो, तर तो दोष. मी ते पाठ म्हणत आले, पण तो शब्द आपल्याच स्वयंपाकघराच्या भिंतीत निघेल असं कधी वाटलं नव्हतं. मामा रोज स्वाध्यायाला बसत. त्यांच्याबद्दल हे लिहिताना माझा हात अडखळतो आहे.

शेवटी वही घेऊन आत्तींपुढे बसले. त्यांनी पान पाहिलं नाही. म्हणाल्या, “मला ठाऊक आहे. मी विचारलं होतं एकदा. बायकांनी हिशेबात पडू नये म्हणाले.”

वकिलांच्या मते मुदत केव्हाच संपली आहे, कायद्यानं कुणी काही मागू शकत नाही. मुलांशी दोन वेळा वादावादी झाली. धाकटा आधी कबूल झाला, मोठा पंधरा दिवसांनी. मागच्या दोन खोल्या पाडायच्या नाहीत आणि काकींच्या मुलीच्या, म्हणजे आमच्या अक्कांच्या नावे करायच्या असं ठरलं. ह्यांनी सही केली, पण अक्कांकडे यायला तयार झाले नाहीत. मी एकटीच गेले.

अक्कांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. गोठ शब्दावर बोट ठेवून थोडा वेळ बसल्या. मग म्हणाल्या, “वैनी, खिडकी तीच ठेवा हं. गिलावा करताना लहान करतील.”