खबर कशाची? : विलायती मालाचे एक दुकान आणि एक मासिक

मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकवताना ‘किर्लोस्कर’ मासिकाचे नाव आले की आमची वाक्ये ठरलेली असतात : बुद्धिप्रामाण्य, समाजसुधारणा, स्त्रियांचे प्रश्न. गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, १९२० साली निघाले तेव्हा त्याचे नाव ‘किर्लोस्कर खबर’ होते ना? मग ही खबर कशाची?” नांगरांच्या कारखान्याची, असे उत्तर आम्ही दिले, पण त्यामागचा इतिहास आम्हांलाच नीट सांगता आला नाही. हा विद्यार्थी वडिलांच्या दुकानात बसतो. परदेशातून खेळणी मागवून विकण्याचा त्यांचा लहानसा धंदा आहे. “आमच्यासारख्यांचा वाङ्मयाशी संबंध कुठे येतो?” असे तो हसत म्हणाला. ते हसणे आम्हांला बोचले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या जवळ आली. १८८२ मध्ये सरकारने मीठ, मद्य असे मोजके अपवाद सोडून आयातीवरील जकात उठवली. १८९४ मध्ये ती पुन्हा बसली. मधल्या बारा वर्षांत विलायती मालाला येथले दार जवळजवळ सताड उघडे होते. किर्लोस्कर बंधूंचे बेळगावचे सायकलींचे दुकान याच काळातले. कंपनी आपला आरंभ १८८८ पासून मोजते.

हे दार मुळात मँचेस्टरच्या कापडासाठी उघडले होते, याचा विसर पडू देता येत नाही. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये विलायती मालाने येथल्या कारागिरांची केलेली दैना मांडली आहे. ज्या वाटेने साळ्याकोष्ट्यांच्या मागांवर संक्रांत आली, त्याच वाटेने सायकल बेळगावात आली. त्यामुळे या दुकानाकडे केवळ कौतुकाने पाहणे आम्हांला जमत नाही.

दुकानाची रचना साधी होती. लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस जे. जे. स्कूलमध्ये आले, रंगांधत्वामुळे ती वाट सुटली, तेव्हा ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. मुंबईत माल पारखून पाठवायचा त्यांनी आणि बेळगावात विकायचा वडीलबंधू रामूअण्णांनी. पुढे बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

परदेशी वस्तू येते ती एकटीच येते. ती वापरणारे हात आणि तिच्याविषयी बोलणारे शब्द तिच्याबरोबर येत नाहीत. सायकल विकायची तर ती चालवायला शिकवावे लागे, मोडली तर दुरुस्त करावी लागे. पुढे या बंधूंनी परदेशी पवनचक्क्यांची आणि कडबा कापण्याच्या यंत्रांची एजन्सी घेतली, तेव्हाही तेच. पण दुरुस्तीसाठी यंत्र उघडणाऱ्याला एक गोष्ट दिसते, जी नुसती विक्री करणाऱ्याला दिसत नाही : हा भाग येथेही घडवता येईल. कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर बेळगावात तयार झाला तो या पाहण्यातून. आयातीचे दुकान ही त्यांची कार्यशाळा ठरली.

नांगर तयार झाला, पण तो घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिली विक्री व्हायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. आता लढा लोखंडाचा उरला नव्हता, भाषेचा होता. शेतकऱ्याला पटेल अशा मराठीत बोलणे भाग होते. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि दहा वर्षांनी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी तेथून ‘खबर’ काढली. कामगार, एजंट आणि गिऱ्हाईक यांच्याशी बोलणारे ते पत्रक होते. पुढे जे मासिक वाचकांशी विवेकाने वाद घालू लागले, त्याची बोलण्याची सवय दुकानाच्या फळीवर लागलेली होती, असे आम्हांला वाटते.

पुढे सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या आग्रहातून ‘खबर’ हा अरबी शब्द नावातून गळला. परदेशी मालापासून सुरू झालेल्या घराच्या मासिकाने परदेशी शब्द काढून टाकावा, यात एक विसंगती आहे. विलायती यंत्राला या मंडळींनी नुसता नकार दिला नव्हता. ते उघडून, समजून घेऊन आपले केले होते. शब्दाच्या बाबतीत तेवढा धीर धरला गेला नाही.

आयात करणारा प्रत्येक दुकानदार कारखानदार होत नाही, होण्याची गरजही नाही. त्या काळी अशी अनेक दुकाने निघाली आणि बुडाली असतील. त्यांनी मासिके काढली नाहीत, म्हणून आमच्या पाठ्यपुस्तकांत ती नाहीत.

हे सगळे वर्गात सांगितल्यावर तो विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, खेळण्याबरोबरच्या सूचना कुणालाच कळत नाहीत, माल परत येतो. म्हणून मी मराठीत चिठ्ठी लिहून प्रत्येक खोक्यात घालतो.” त्या चिठ्ठ्या पुढच्या तासाला घेऊन ये, असे आम्ही त्याला सांगितले आहे.