पगारपत्रकाबाहेरची माणसे : अमेरिकेच्या कोरोना करसवलतीचा इतिहास

"कोरोनात अमेरिकेने कामगारांना घरी बसवून पगार दिला आणि आपल्याकडे कामगार पायी गावाकडे निघाले." आपल्या शिबिरांत, भाषणांत हे वाक्य नेहमी ऐकू येते. त्याचा दुसरा भाग खरा आहे, तो आपण डोळ्यांनी पाहिला. पहिला भाग मात्र तपासून घ्यायला हवा. अमेरिकेने लोकांना थेट धनादेश दिले, बेकारभत्ताही वाढवला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सरकारी तिजोरीतून निघालेला एक मोठा प्रवाह कामगाराकडे न जाता मालकाच्या खात्यात गेला. त्या वाटेवर कुणाला जागा होती आणि कुणाला नव्हती, हे समजून घ्यायचे तर १९३५ पर्यंत मागे जावे लागते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथले त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन हे करशास्त्रातले मोठे नाव. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या बाबासाहेबांच्या ग्रंथाला त्यांचीच प्रस्तावना आहे. सेलिग्मन यांच्या अभ्यासाचा एक मुख्य प्रश्न साधा होता : कर भरतो कोण आणि प्रत्यक्षात सोसतो कोण? हाच प्रश्न उलटा करून सवलतीलाही विचारता येतो. सवलत घेतो कोण आणि ती पोचते कुणापर्यंत?

१९३५ साली रूझवेल्ट यांच्या काळात सामाजिक सुरक्षा कायदा झाला. पगाराचा ठरावीक हिस्सा मालकाने आणि तेवढाच कामगाराने कर म्हणून भरायचा, आणि त्यातून म्हातारपणी पेन्शन द्यायची. पण शेतमजूर आणि घरकामगार या कायद्यातून वगळले गेले. दक्षिणेत हीच दोन कामे मुख्यतः काळ्या माणसांच्या वाट्याला होती. विधेयक सिनेटच्या समितीपुढे असतानाच वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी एनएएसीपीच्या वतीने साक्ष दिली आणि या कायद्याला चाळणीची उपमा दिली. चाळणीची भोके नेमकी एवढी होती, की बहुतेक काळे लोक त्यातून खाली पडावेत. विखुरलेल्या घरांतून आणि शेतांतून कर गोळा करणे अवघड होते, म्हणून वगळले, असे तेव्हाचे उत्तर. काही इतिहासकार आजही ते मान्य करतात. मानू या. तरी प्रशासनाची अडचण नेहमी तळातल्या माणसाच्याच अंगावर का येऊन पडते, हा प्रश्न उरतोच. घरकामगारांना कायद्यात जागा मिळायला १९५० च्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली.

आता २०२० कडे या. २७ मार्च २०२० रोजी केअर्स कायद्यावर सही झाली. त्यात 'एम्प्लॉयी रिटेन्शन क्रेडिट' नावाची सवलत होती. कल्पना अगदी नवी नव्हती. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर अशीच एक छोटी सवलत दिली गेली होती. सरकारी आदेशामुळे धंदा पूर्ण किंवा अंशतः थांबला, किंवा २०१९ च्या त्याच तिमाहीच्या तुलनेत उलाढाल निम्म्याहून खाली गेली, तर मालकाने दिलेल्या पगाराचा अर्धा भाग त्याच्या पगारावरच्या करातून वजा व्हायचा. वर्षाला एका कामगारामागे जास्तीत जास्त ५,००० डॉलर. देय करापेक्षा सवलत मोठी ठरली तर वरची रक्कम सरकार रोख देणार. हॉटेलात बसून जेवायला बंदी आणि फक्त पार्सल चालू, हा 'अंशतः थांबला'चा नेहमीचा नमुना. वेटरला काढू नका, त्याचा अर्धा पगार आम्ही सोसतो, असा हा व्यवहार. त्यात गैर काही नव्हते.

पुढे मात्र सवलत फुगत गेली. २०२१ साठी दर ७० टक्के झाला, मर्यादा तिमाहीला ७,००० डॉलर झाली आणि उलाढालीतली २० टक्क्यांहून जास्त घटही पुरेशी ठरली. पहिल्या तीन तिमाह्या आणि २०२० धरून एका कामगारामागे २६,००० डॉलर! शिवाय जुनी विवरणपत्रे दुरुस्त करून मागाहून दावा करण्याची मुभा होती. इथे दलाल शिरले. रेडिओवर, टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या आणि मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरू लागली. टक्केवारी हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आरोग्य खात्याची साधी सूचनाही 'सरकारी आदेश' म्हणून दाखवली गेली. ३६ लाखांच्या आसपास दावे आले. १४ सप्टेंबर २०२३ रोजी करखात्याने नवे दावे तपासणे थांबवले. जून २०२४ मध्ये, सुमारे ८६ अब्ज डॉलरच्या दाव्यांची छाननी केल्यावर, खात्याने सांगितले की १० ते २० टक्के दावे उघडच चुकीचे दिसतात आणि आणखी ६० ते ७० टक्के संशयास्पद आहेत. चुकून घेतलेल्यांसाठी योजना काढली : ८० टक्के परत करा, बाकी सोडून देतो. का? तर बरीच रक्कम दलालीत गेली होती म्हणून.

यात कामगार कुठे आहे? २०२० चा पगार दाखवून २०२३ मध्ये आलेल्या पैशाने कुणाची नोकरी टिकणार होती? तोवर तो वेटर कुठे गेला, हे विचारण्याची तरतूद कायद्यात नव्हती, आणि परताव्यातला हिस्सा त्याला देण्याची अटही नव्हती.

आणि घरकामगार? घरात बाई ठेवणारे कुटुंब २०२० मध्ये तोच पगारावरचा कर भरत होते. पण घरकाम म्हणजे 'व्यापार-धंदा' नव्हे, म्हणून त्या कुटुंबाला ही सवलत नाही. साथीच्या भीतीने बाईला दारातून परत पाठवले तरी तिला कामावर ठेवा असे सांगणारा एक डॉलरही तिच्या नावाने निघाला नाही. १९३५ मध्ये करातून वगळले, २०२० मध्ये सवलतीतून. एकटा टॅक्सीवाला, एकटी केस कापणारी, ज्यांच्या धंद्यात पगारी नोकरच नाही, तेही बाहेर. काळ्यांच्या मालकीचे बहुतेक धंदे याच प्रकारचे आहेत.

आपल्याकडचा रस्ता वेगळा होता. २९ मार्च २०२० च्या आदेशाने गृहमंत्रालयाने मालकांना पूर्ण पगार द्यायला सांगितले, त्यासाठी पैसा दिला नाही, आणि मे महिन्यात आदेश मागे घेतला. पण एक योजना अमेरिकन सवलतीच्या जातीची होती. १०० पर्यंत कामगार असलेल्या आणि त्यांतल्या ९० टक्क्यांचा पगार १५,००० रुपयांच्या आत असलेल्या आस्थापनांसाठी, त्या कमी पगाराच्या कामगारांच्या पीएफचे दोन्ही हिस्से, म्हणजे पगाराचे २४ टक्के, केंद्र सरकारने भरायचे. आधी तीन महिने, मग आणखी तीन. नाक्यावरचा मजूर, घरकाम करणाऱ्या बाया, पीएफचे खातेच नसलेले कंत्राटी सफाई कामगार यात नव्हतेच. ज्यांचे खाते होते त्यांच्यापैकी कितींनी पासबुक उघडून पाहिले? सफाई कामगारांत काम करणाऱ्या साथींनी मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांच्या नोंदी त्यांच्यासोबत बसून तपासाव्यात, आणि त्या महिन्यांत ठेकेदाराने पगारातून पीएफ कापला होता का, तेही विचारावे.