जहाजी प्रवासी-याद्या, आयरिश स्थलांतरितांच्या
परदेशी गेलेल्या आयरिश पूर्वजांचा माग काढण्याचे महत्त्वाचे साधन. 1922 मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत एकोणिसाव्या शतकातील बऱ्याच जनगणना-नोंदी नष्ट झाल्या. त्यामुळे या याद्यांचे मोल फार वाढले. अमेरिकेत 1819 च्या कायद्याने जहाजाच्या कप्तानाला प्रवाशांची यादी बंदरातील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे देणे बंधनकारक झाले. आयर्लंडमधील 1845–52 च्या महादुष्काळाच्या काळातील याद्यांत नाव, वय, व्यवसाय अशी मोजकीच माहिती असते. गावाच्या जागी बहुधा नुसते ‘आयर्लंड’. मर्फी, केली अशी आडनावे तर पानोपानी भेटतात. म्हणून एकट्या नावावर विसंबू नये. सोबतची भावंडे, शेजारी, त्यांची वये ताडून पाहावीत. असंख्य आयरिश लोक लिव्हरपूलमार्गे गेले, तेव्हा शोध आयरिश बंदरांपुरता ठेवणे ही मोठी चूक ठरते. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर (1892 पासून) अधिकाऱ्यांनी आडनावे बदलली, हा समज निराधार आहे. याद्या जहाज कंपन्या निघण्याच्या बंदरातच तयार करीत. आडनावाआधीचा ‘ओ’ हा उपसर्ग मात्र गळलेला असू शकतो. 1907 नंतरच्या अमेरिकी याद्यांत मायदेशातील जवळच्या नातेवाइकाचे नाव व पत्ता मिळतो. ब्रिटन व आयर्लंडमधून युरोपबाहेर निघालेल्यांच्या याद्या मुख्यतः 1890 पासूनच्याच टिकल्या आहेत.