परकोटाच्या खिडक्या

चंद्रपूरच्या परकोटाचा इतिहास नोंदवायचा, तर नुसती भिंत मोजून भागत नाही. तिच्यातल्या वाटाही बघाव्या लागतात. गोंड राजांच्या या कोटाला चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. शिवाय पाच खिडक्या: हनुमान, विठोबा, बगड, मसण, चोर. दरवाज्यांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलाय, ती राजाची खूण. खिडक्यांची नावं मात्र लोकांच्या येण्याजाण्याची.

१८१८ मध्ये इंग्रजांनी तोफांनी तट फोडून भोसल्यांकडून शहर घेतलं. पुढे तटावर झाडं माजली. २०१७ पासून इको-प्रोच्या तरुणांनी ती काढून बुरूज मोकळे केले.

आता नकाशात या नावांनाही जागा हवी. पडलेला तट पुन्हा बांधता येईल. पण मसण खिडकीचं नाव विसरलं, तर तिथून कोण आणि कशासाठी जायचं, हे भिंत सांगणार नाही.