घडीची रेघ

बंगळूरमध्ये के. आर. पुरमहून व्हाइटफील्डकडे जाणाऱ्या मेट्रोत सकाळी जी माणसं दाटीवाटीनं उभी असतात, त्यांतल्या कितीतरी जणांचा दिवस एक्सेलच्या चौकटींत जातो. पुण्या-नागपूरहून नोकरीसाठी आलेली मराठी मुलंही त्यांत असतात. पडद्यावरच्या फिकट रेघा, म्हणजे ग्रिडलाइन, आणि वर गोठवलेली (फ्रीज केलेली) मथळ्याची ओळ त्यांना अमेरिकेतून आलेली वाटते. पण हिशेबाला रकाने पाडण्याची विद्या या मुलखात फार जुनी आहे.

कर्नाटकात हिशेब ‘कडत’ नावाच्या वहीत लिहीत. कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड चोपडून ते काळं करायचं, पंख्यासारख्या घड्या घालायच्या आणि बलपानं, म्हणजे पांढऱ्या मऊ दगडाच्या कांडीनं, लिहायचं. चुकलं तर पुसून पुन्हा लिहिता येई. शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूरची जहागीर मिळाली, मराठी कारकुनी इकडे रुजली, आणि म्हैसूरच्या दप्तरातही पुढे मराठी हिशेब चालत. व्यापाऱ्यांच्या वहीत तर पानाला उभ्या घड्या पाडत. त्या सळांच्या आधारानं डावीकडे जमा, उजवीकडे नावे. शाईची रेघ कुठेच नाही. लिहिणाऱ्याच्या नजरेला आधार मिळाला की सळाचं काम संपलं. ग्रिडलाइनचं मूळ कूळ मला इथे दिसतं.

संगणकावरच्या तक्त्याची कल्पना डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला १९७८ मध्ये हार्वर्डच्या वर्गात सुचली. फळ्यावरचा एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून नव्यानं मांडावे लागत. ते आपोआप व्हावं, एवढीच त्याची इच्छा. बॉब फ्रँकस्टनबरोबर त्यानं केलेला व्हिजिकॅल्क हा प्रोग्रॅम १९७९ मध्ये अॅपल टू संगणकावर आला. त्या पडद्यावर आजच्यासारख्या बारीक रेघा नव्हत्या, पण मथळा जागेवर धरून ठेवणारी ‘टायटल्स’ ही आज्ञा होती: आडवी ओळ, उभा रकाना, किंवा दोन्ही. पडदा एवढासा, तक्ता २५४ ओळींचा. खाली सरकलं की कोणता आकडा कशाचा, हे कळेना. म्हणून मथळा खिळवण्याची गरज आधी भागली. १९८३ च्या लोटस १-२-३ नंही ती आज्ञा उचलली. रेघा दाखवणं-लपवणं हे चित्रं काढू शकणाऱ्या पडद्याचं देणं. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आलं ते अशाच पडद्यावर.

म्हणून ग्रिडलाइन आणि गोठवलेल्या मथळ्याखालची रेघ, या दोन रेघांची जात वेगळी. ग्रिडलाइन बंद केली तरी गोठवलेल्या ओळीखालची रेघ राहते, आणि अनेकांना ती खुपते. मला तिचं राहणं योग्य वाटतं. इथून वरचं स्थिर आहे आणि खालचं सरकतं, हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं. ती लपली तर मधल्या ओळी गायब झाल्या असं वाटून माणूस घाबरतो.

काम चालू असताना ग्रिडलाइन असू द्या. तक्ता दुसऱ्याच्या हाती देताना ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ती बंद करा आणि बेरजेखाली, मथळ्याखाली, जिथे खरोखर हवी तिथेच बॉर्डर द्या. मथळा मात्र गोठवलेलाच ठेवा. आणि कागदावर छापणार असाल, तर ‘प्रिंट टायटल्स’मध्ये तीच ओळ पुन्हा नेमून द्या, कारण फ्रीज केलेली ओळ पडद्यापुरतीच असते, छापताना दुसऱ्या पानावर ती आपोआप येत नाही.