वनाचा उंबरठा



जबलपुरातील अधारताल हा भाग ज्या तळ्यावरून ओळखला जातो, त्या तळ्याचे नाव परंपरेने राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांच्याशी जोडले जाते. राणी १५६४ साली मोगलांशी लढताना धारातीर्थी पडली. तिच्या काळाची आठवण मात्र या तळ्यांच्या नावांत टिकली. गढ्याच्या गोंड राज्यात तळे बांधणाऱ्यास त्याखालील जमिनीचा सारा माफ होई, असे सांगतात. ही आख्यायिका असेल. पण सर्वांच्या ठेव्याची निगा राखणाऱ्याला राज्याने काही द्यावे, हा विचार तीत आहे.

पुढे राज्ये बदलली. १७९८ साली जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ साली इंग्रजांच्या हाती गेले. १८७८च्या वनकायद्याने राखीव जंगलात परवानगीवाचून गुरे चारणे हा गुन्हा ठरला. शेतकऱ्याच्या गुरांची चराई वनखात्याने हिरावल्याची तक्रार जोतीराव फुले यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडली. ज्याचे पोट त्या जमिनीवर होते, त्याच्याच वाटेवर कुंपण आले.

आज प्रश्न प्रवाशांच्या शुल्काचा आहे. कान्हा आणि ताडोबा ही दोन्ही वने १९५५ साली राष्ट्रीय उद्याने झाली. तेथे पाहुण्याला प्रवेशासाठी पैसे मोजावे लागतात. जंगल जनतेचे, मग जनतेकडूनच शुल्क का, ही शंका रास्त आहे. परंतु गाड्यांची वर्दळ, वाटांची झीज आणि पहाऱ्याचा वाढता भार यांचे मोल कोणी तरी द्यावेच लागते. जंगल न पाहिलेल्या करदात्यावरच तो सारा भार टाकणे न्यायाचे नव्हे.

मात्र शुल्क कोणाकडून घ्यावयाचे, याचा विवेक हवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवान्यासाठी शुल्क ठेवले. परंतु अभयारण्यात ज्याचा जमिनीवर हक्क आहे किंवा जो सार्वजनिक रस्त्याने जातो, त्याला परवान्याची अट घातली नाही. २००६च्या दुरुस्तीने व्याघ्रप्रकल्पांसाठी प्रतिष्ठाने स्थापण्याची तरतूद केली आणि प्रवेशशुल्काचा पैसा त्याच वनाच्या कामी यावा, अशी वाट मोकळी केली.

म्हणून हौशी पाहुण्याने शुल्क द्यावे, विद्यार्थ्याला सवलत असावी, आणि वनाच्या आधाराने जगणाऱ्याकडून काही घेऊ नये. शहरातल्या तळ्याचा काठ तर सर्वांना मोकळाच असावा. संध्याकाळच्या वाऱ्याला तिकीट नको. दारावर घेतलेला पैसा त्याच वनाच्या रक्षणाला लागला, तर ते शुल्क ठरते. तो दूरच्या खजिन्यात विरून गेला, तर तीच जुनी चराईची फी नव्या नावाने परत आली, असे समजावे.